आमच्या जिनिंगची जाळी

लातूरच्या बसस्टँडवर मी एका माणसाच्या तोंडावर स्टीलचा डबा हाणला होता. उगीच नाही. तो माझ्या बाकड्यावर बसून फोनवर कुणाला तरी आमच्या गावाचं नाव घेऊन सांगत होता, "तिथं काय हाय? निस्ती कुत्री अन् बंद दुकानं. मेलेलं गाव हाय ते." मी म्हणलं, "ओ दादा, तोंड सांभाळून." तर तो हसला. हसला नसता तर वाचला असता. चार कप्प्यांचा डबा, खालच्या कप्प्यात वरण. त्याचा ओठ फाटला, माझं वरण सांडलं, आणि एका कंडक्टरनं दंडाला धरून मला बाजूला ओढलं. चौकीतला जमादार म्हणाला, "बाई, गावासाठी कुणी मारामारी करतं का?" मी म्हणलं, "मी करते."

माझा राग एवढ्यासाठी होता की तो माणूस खोटं बोलत नव्हता. आमचं गाव हदगावच्या वाटेवर, नांदेडहून एसटीनं दीड तास. जिनिंग बंद पडली आणि गावाचा श्वासच गेला. कापसाच्या गाड्या थांबल्या, मग हॉटेलं बंद झाली, मग लोहाराचं दुकान, मग टेलर, मग शेवटी जत्रेतलं नाटकसुद्धा. तरणी माणसं पुण्याला गेली. आमच्यासारख्या बाया नांदेडला नाहीतर लातूरला. मी लातूरला क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये चार वर्षं पोळ्या लाटल्या. डॉक्टर व्हायला आलेली पोरं "मावशी, अजून एक" म्हणायची, गोड वाटायचं. पण रात्री पाठ टेकली की गावाच्या जिनिंगचा भोंगा आठवायचा. नवरा आधीच सोडून गेलेला, घरी एकटी आई. तिच्यासाठी जीव तुटायचा.

आईबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आई जिनिंगमध्ये कामाला होती. बाया यंत्रांसमोर रांगेनं उभ्या राहून वरून कापूस घालायच्या. खाली सरकी पडायची, पुढून रुई निघायची. ही सगळी यंत्रं एकाच लांबलचक लोखंडी दांड्यावर चालायची, तो शाफ्ट. भिंतीच्या कडेनं, कमरेएवढ्या उंचीवर, गरागरा फिरणारा, आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला गेलेला चामड्याचा पट्टा. एके दिवशी आई सांडलेली सरकी गोळा करायला त्या बाजूला वाकली आणि तिची वेणी शाफ्टला लागली. कपाळापासून उजव्या कानापर्यंत डोक्याची कातडी सोलून निघाली. मी तेव्हा तान्ही होते. आई त्यानंतर कधी कुणासमोर डोक्यावरचा पदर काढत नसे, माझ्यासमोरही क्वचितच.

तिला वाचवलं चाचानं. चाचा म्हणजे जिनिंगचा मिस्त्री. बाजारामागच्या मोहल्ल्यातला, तीन पिढ्या यंत्राच्या कामातलं घर. त्यानं लाकडी दांडक्यानं चालता पट्टा पुलीवरून उडवला, नाहीतर आईची मान गेली असती. त्या दिवसापासून चाचानं एक कायदा केला. शाफ्टजवळ जाणाऱ्याच्या अंगावर लोंबतं काही नको. पदर खोचलेला, केसांचा आंबाडा, त्यावर फडकं. बाप्यांच्या गळ्यात उपरणं नको, मफलर नको. कुणी चुकलं की चाचा समजावून वगैरे सांगत नसे, सरळ कानाखाली वाजवायचा. मालकाच्या जावयालाही वाजवली होती. मी तेरा वर्षांची असताना आईचा डबा घेऊन आत गेले, दोन वेण्या, लाल रिबिनी. असा फाडकन आवाज आला की मला वाटलं पट्टा तुटला. गाल दोन दिवस सुजला होता. घरी येऊन रडत सांगितलं तर आई म्हणाली, "बरं केलं त्यानं."

मालकानं जिनिंग टाकून दिली तेव्हा शाफ्ट, पट्टे, सगळं तसंच पडून राहिलं. चाचा पोट भरायला विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत फिरायचा. पण आठवड्यातून एकदा मागच्या भिंतीवरून उडी मारून आत जायचा आणि बेअरिंगला तेल घालून यायचा. बंद यंत्राला तेल. लोक त्याला येडा म्हणायचे. चाचा त्यांना आईवरून शिव्या द्यायचा.

मग गावाचं नशीब फिरलं. कसं फिरलं ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही; प्रत्येकजण म्हणतो माझ्यामुळं. हायस्कूलचे रिटायर झालेले सर, ज्यांनी मलाही मराठी शिकवलं, त्यांनी बंद पडलेलं वाचनालय उघडलं. पुण्याला गेलेल्या पोरांनी फोनवर ग्रुप काढला. जत्रेतलं नाटक परत उभं राहिलं, आणि पहिल्याच वर्षी कुणाच्या गल्लीचा पडदा लागणार यावरून असली हाणामारी झाली की राजाचं काम करणारा मिशीसकट दवाखान्यात गेला. आई मला लातूरला फोनवर हसत सांगत होती, "तीन डोकी फुटली गं! गाव लई जोरात हाय आता." मलाही हसू आवरेना. किती वर्षांनी आमच्या गावात भांडायला पुरेशी माणसं होती.

बाजारपेठेतली शटरं एकेक करून वर गेली. कव्वालीवाले आले, भारूड झालं. आणि मग सरांनी शेतकऱ्यांची, दुकानदारांची मोट बांधून जिनिंग विकत घेतली. गावाची जिनिंग, गावाच्या मालकीची. अध्यक्ष सर. मिस्त्री अर्थात चाचा. आईनं फोन केला, "चाळीस बाया घेणार हाय. तुझं नाव घातलंय." मी लाटणं तिथंच टाकलं. मेसवाल्या बाईला म्हणलं, "माझं गाव चालू झालं, मी चालले."

आता त्या जाळीचं. मी आले त्या दिवशी चाचानं मला आत नेलं. म्हातारा झाला होता, पण चालणं तेच, पुढं छाती काढून. सगळं घासूनपुसून लखलखीत. मी पहिल्यांदा शाफ्टकडं बघितलं. तो उघडा होता, पहिल्यासारखाच.

"चाचा, याला झाकायला जाळी?"

"बसंल, बसंल," चाचा म्हणाला. "वेल्डरला सांगितलंय. आठ दिवसांचं काम हाय."

पण त्या आठ दिवसांच्या आत उद्घाटन होतं. पाहुण्याची तारीख घेऊन झाली होती, पत्रिका छापून झाल्या होत्या, मांडववाला ठरला होता. वाचनालयात बैठक झाली. मी आईला घेऊन गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. मी म्हणलं, "जाळी बसल्याशिवाय यंत्र चालू करायचं न्हाई. उद्घाटन पुढं ढकला."

सर म्हणाले, "बाळ, एक दिवस फक्त. बटण दाबायचं, दहा मिनिटं चालवायचं, बंद. मग जाळी बसवू, मग काम. सगळा जिल्हा बघणार आहे आपल्याकडे. आता तारीख हलवली तर म्हणतील, बघा, यांचं असंच."

एकजण मागून म्हणाला, "हिला लातूरचं वारं लागलं."

आई उठली, मधोमध आली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. ट्यूबलाईटचा उजेड होता. त्या बाजूला केस नव्हतेच. लाल, चकचकीत, सुरकुतलेली कातडी होती, आणि कानाचा वरचा भाग नव्हता. तीसेक बाप्ये खाली बघायला लागले.

"वहिनी, पदर घ्या," सर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, ते खोटं नव्हतं. "आम्हाला कळतंय. त्या दिवशी शाफ्टजवळ कुणालाही जाऊ देणार नाही. दोरी बांधू."

मी चाचाकडं बघितलं. सगळी बैठक त्याच्याकडं बघत होती. चाचानं 'नाही' म्हणलं असतं तर तिथल्या एकाचीही छाती झाली नसती. चाचानं आईकडं बघितलं, मग खिडकीबाहेर. इतकी वर्षं तेल घालून जपलेलं यंत्र त्याला चालू झालेलं बघायचं होतं, आणि त्याचं वय झालं होतं. "मैं हूं ना," तो म्हणाला. "माझ्याशिवाय तिकडं कुणीच न्हाई जाणार. एक दिवसाचा तर सवाल हाय."

माझं डोकं सरकलं. टेबलावर चहाचा ट्रे होता, तो मी भिरकावला. काचेचे ग्लास भिंतीवर फुटले, चहा नव्या रंगावर उडाला. एका पोरानं मला मागून धरलं तर त्याच्या मनगटाला चावले. रक्त आलं. शेवटी आईनंच मला ओढत बाहेर नेलं. जाळी उद्घाटनानंतर बसवायची, असं ठरलं.

उद्घाटनाच्या सकाळी मात्र, खरं सांगते, मी सगळं विसरले. असा थाट गावानं बघितलाच नव्हता. वेशीपासून जिनिंगपर्यंत रांगोळ्या, हलग्या कडाडत होत्या, आम्हा बायांना एकसारख्या मोरपंखी साड्या. पदर आम्ही चाचाच्या धाकानं आधीच खोचून, आंबाडे बांधून उभ्या. फेटे बांधणारा नांदेडहून आणला होता. पाहुण्यांना फेटा, सरांना फेटा, जिनिंगच्या पंचांना फेटा. आणि मग सर माईकवर म्हणाले, "आज खरा मान आमच्या मिस्त्रींचा."

चाचाला उभ्या आयुष्यात कुणी फेटा बांधला नव्हता. गावात ज्यांच्या डोक्याला फेटे बांधले जायचे त्यांच्यात तो कधी बसलाच नव्हता. त्याची जाळीदार पांढरी टोपी आणि हातातला पाना, एवढंच. त्यानं टोपी काढून खिशात घातली, डोकं पुढं केलं. गुलाबी फेटा, नऊ वार, मागं कमरेपर्यंत सोडलेला शेमला. हलगी वाजली, लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. चाचानं उभ्या जीपच्या आरशात वाकून बघितलं आणि डोळे पुसले. मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला. "चाचा, नवरदेव दिसून राहिले तुम्ही," म्हणलं. तो लाजला. मी फोटो काढला, हसले, आणि तो लांब शेमला मला दिसला नाही. ज्या माणसानं माझ्या रिबिनीसाठी माझा गाल सुजवला त्याच्या पाठीवर हातभर कापड लोंबत होतं, आणि आम्हा चाळीस बायांपैकी एकीलाही दिसलं नाही. मानाचं कापड होतं ना ते.

पाहुण्यानं बटण दाबलं. मोटार घुमली, शाफ्ट फिरायला लागला, जमीन थरथरली. बायांनी गलका केला. मी तिसऱ्या यंत्रावर होते; पहिली मूठ घातली, आणि पांढरीशुभ्र रुई पुढून यायला लागली. तेवढ्यात आमच्याच यंत्राचा पट्टा घसरायला लागला. जुनं चामडं, करकर आवाज, जळका वास. यंत्र मंदावलं. पाहुणा सरांच्या कानात काहीतरी म्हणाला आणि हसला. सरांचा चेहरा उतरला.

पट्टा घसरला की त्याला चालतं असतानाच राळ लावायची असते, म्हणजे तो पकड घेतो. हे काम चाचा हजारदा केलेला माणूस. त्यानं राळेचा खडा घेतला, दोरी ओलांडली आणि शाफ्टवर वाकला. दोरी बाकीच्यांसाठी होती.

शेमला खांद्यावरून पुढं घसरला आणि शाफ्टपासून वीतभर अंतरावर झुलायला लागला.

मी ओरडले. यंत्रांचा आवाज, हलगी, माईक. माझं मलाच ऐकू आलं नाही. चार पावलं अंतर होतं. आणि मी थांबले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. एक क्षण थांबले, कारण बापाच्या वयाच्या माणसाच्या डोक्यावरचा फेटा भर सभेत, सगळ्या गावासमोर हिसकायचा म्हणजे काय, ते आमच्यात जन्मलेल्यालाच कळेल. त्यापेक्षा त्याच्या तोंडावर थुंकलेलं बरं. तेवढ्या क्षणात शेमल्याचं टोक शाफ्टला शिवलं.

मग मी झेप घेतली. दोन्ही हातांनी फेटा धरला आणि सगळ्या ताकदीनं मागं खेचला. फेटा डोक्यावरून निघाला, चाचा उताणा पडला. कापड माझ्या डाव्या हाताभोवती गुंडाळलं गेलं. शाफ्टनं ते ओढलं. नऊ वार कापड जायला किती वेळ लागतो? डोळ्याचं पातं लवतं तेवढा. हाताला झटका बसला, ओली फांदी मोडावी तसा आवाज आला, आणि गुलाबी कापड शाफ्टवर फाड फाड आपटायला लागलं. दुखलं नाही काही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट होतं तिथं नव्हतं, एवढंच दिसलं.

पण मांडवातून हे दिसलंच नव्हतं. मांडवातून एवढंच दिसलं की एका बाईनं म्हाताऱ्याचा फेटा हिसकला आणि त्याला खाली पाडलं. तीच बाई, जिनं बैठकीत ट्रे फेकला होता. पहिला बुक्का माझ्या कानावर बसला. मग कुणीतरी आंबाडा धरला, पाठीत लाथ बसली. "चाचाला हात लावती, भवाने!" एक ओरडत होता. दुसरा म्हणत होता, "कार्यक्रम नासवायलाच आलीय!" मोहल्ल्यातली पोरं इकडून, गल्लीतली पोरं तिकडून, आणि यात कधी नव्हे ती त्यांची एकी. मी तोंडावर पडले. पांढऱ्या रुईत माझं डोकं दाबलं होतं आणि ती रुई लाल होत होती, तरी मार थांबेना.

थांबवला चाचानं. तो पट्टा उडवायचं लाकडी दांडकं घेऊन उठला. आधी पट्टा उडवला, मग माझ्यावरच्या पोरांवर तुटून पडला. एकाचा हात मोडला त्यानं, आपल्याच पुतण्याचा. उघडं डोकं, पांढरे विरळ केस, तोंडातून आईमाईवरून शिव्या. "अंधे हो क्या रे! हाथ देखो उसका! हाथ देखो!" आई हातात चप्पल घेऊन गर्दीत घुसली होती आणि दिसेल त्याला हाणत होती. मोटार बंद झाली तेव्हा कुठं लोकांना रक्त दिसलं.

माईकवरून सर सांगत होते, "किरकोळ दुखापत आहे. कृपया बसून घ्या. कार्यक्रम पुढे चालू आहे."

जीपच्या बॉनेटवर हार तसाच होता, त्या जीपमधूनच मला नांदेडला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "बोटं आणलीत का?" कुणी आणली नव्हती. ती रुईत गेली असणार.

दुसऱ्या दिवशी सर आले. खुर्ची ओढून बसले आणि लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "बाळ, चूक माझी आहे. तू शिव्या दे, मार मला. पण कागदावर हे आलं तर सील लागेल. एकदा सील लागलं की पाच-दहा वर्षं कोर्टात. गाव पुन्हा उठायचं नाही." दवाखान्याच्या कागदावर त्यांच्या माणसांनी आधीच लिहून ठेवलं होतं की घरी कडबाकुट्टीत हात गेला. मी फक्त हो म्हणायचं होतं. मी उशाचा शहाळ्याचा ग्लास त्यांच्या अंगावर ओतला आणि म्हणलं, "चालते व्हा." ते ओल्या सदऱ्यानंच उठून गेले.

मी हो म्हणणार नव्हते. हे आईला सांगितलं, चाचाला सांगितलं. चाचा रोज एसटीनं यायचा, पायाशी बसायचा. टोपी घालायचा नाही, उघड्या डोक्यानंच. एकदा म्हणाला, "कारखाना तपासणीचा साहेब येणार हाय चौकशीला. म्या सगळं सांगणार. जाळी नव्हती, अन् म्या लोंबतं कापड घालून गेलो. माझा कायदा म्याच मोडला. जिनिंग बंद पडली तर पडू दे. जाळी बसंल, मग चालू व्हईल." त्याचं यंत्र, त्याची इभ्रत, दोन्ही तो पणाला लावायला तयार होता. मी म्हणलं, "चाचा, तुम्ही सांगा, मी पाठीशी आहे."

साहेब आला तेव्हा माझ्या हाताला पट्टी होती. जिनिंगच्या ऑफिसात बसलो होतो, साहेब, सर, चाचा आणि मी. साहेब कडक इस्त्रीचा, बाहेरचा माणूस. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं ती रुमालानं पुसली. खिडकीतून यंत्रांकडं बघितलं आणि म्हणाला, "हे भंगार कुणी चालू करायला सांगितलं तुम्हाला? ह्या भागात हेच. अडाणी माणसं, जुनी यंत्रं. नाटकं करा, जत्रा करा, हे उद्योगाचं काम तुमचं नव्हे. बंदच बरी असली गावं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बोटं कशी गेली?"

माझ्या कानशिलाच्या शिरा तडतडायला लागल्या. आमच्या बाया बाहेर खिडकीला लागून उभ्या होत्या, मोरपंखी साड्या नेसून. चाचानं घसा खाकरला. "साहेब, माझा फेटा..."

"घरी गेली," मी म्हणलं. "कडबाकुट्टीत. इथं काही झालं न्हाई. आमची जिनिंग एकदम चांगली हाय."

चाचा माझ्याकडं बघत राहिला. मग परत साहेबाला म्हणाला, "न्हाई साहेब, ही पोरगी खोटं बोलून राहिली. माझ्यासमोर..."

आणि मी म्हणलं, "चाचा म्हातारे झालेत, साहेब. त्यांच्या काही ध्यानात राहत नाही आता."

साहेबानं लिहून घेतलं. सही करायला कागद माझ्यापुढं सरकवला आणि मी सही केली. चाचा उठला. खिशातला मोठा पाना काढून टेबलावर ठेवला, आवाज न करता. निघून गेला. मी कितीजणांना हाणलंय, चावलंय, पण माणसाला असंही मारता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

जिनिंग जोरात चालू आहे. हंगामात वेशीपर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. बाहेरगावचे लोक बघायला येतात, सर त्यांना फिरवून दाखवतात, आणि परवा एकानं आमच्या गावावर पेपरात लिहिलं तेव्हा ते कात्रण मीसुद्धा घरात लावलं. मी आता बायांवर मुकादम आहे. चाचाच्या घरी तीनदा गेले. तिन्ही वेळा चाची दारात आली आणि म्हणाली, "घर में नहीं हैं." उंबऱ्यात त्याच्या चपला होत्या.

नवा मिस्त्री नांदेडचा पोरगा आहे, हुशार आहे. कामावर गाणी ऐकतो, कानातल्या वायरी छातीवर लोंबत असतात. गेल्या आठवड्यात पट्टा घसरला आणि तो राळ घेऊन वाकला, तेव्हा मी त्याला कॉलरला धरून असा मागं ओढला की त्याची बटणं तुटली. तसंच सरांच्या ऑफिसात गेले. म्हणलं, "सर, जाळी बसवा. आज, आत्ता."

सरांनी चष्मा काढला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "बाळ, मी दोनदा विषय मांडला. पंच विचारतात, कशासाठी? हंगामात आठ दिवस यंत्र बंद ठेवायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू सांग. आपल्याकडं अपघात झालेलाच नाही. तूच साहेबांना सांगितलंस, सही तुझी आहे."

मला शिव्या सगळ्या येतात, गावाला ठाऊक आहे. पण मी ओढलेली खुर्ची होती तशी सरकवून ठेवली आणि बायांच्या शिफ्टवर गेले.